टॉवेल ६० डॉलरचे, मागणी ३५ डॉलरची: परदेशी पार्सलवर कर कसा बसतो आणि तो कुणी भरायचा

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा घरचा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. एत्सी या ऑनलाइन बाजारपेठेवरून आणि स्वतःच्या वेबसाइटवरून तुम्ही परदेशात माल पाठवता. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यू जर्सीतल्या एका बाईंनी सहा टॉवेलांचा ६० डॉलरचा सेट घेतला. कुरियरने त्यांच्या दारात ३५ डॉलर आणि वर स्वतःची फी मागितली. बाईंनी पार्सल घेतलंच नाही. ते परत आलं आणि परतीचं भाडं तुमच्या माथी पडलं. त्याआधी अशीच पार्सलं बिनबोभाट पोचत होती. तुम्ही विचारताय की कुरियरवाल्याने लुबाडलं का, पुढच्या वेळी ‘गिफ्ट’ लिहून किंमत कमी दाखवावी का, लंडन आणि जर्मनीच्या ऑर्डरी घ्याव्यात का, आणि जाता जाता, शेंगा चटणी पाठवता येईल का.

कुरियरवाल्याने लुबाडलेलं नाही. त्याचा आकडा मी पडताळून पाहिला, तो बरोबर आहे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला जकात माफ होती. २०१६ पूर्वी ही मर्यादा २०० डॉलर होती. चीन आणि हाँगकाँगच्या मालाची ही माफी २ मे २०२५ ला गेली आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सगळ्याच देशांसाठी बंद झाली. त्याच महिन्यात भारतीय मालावर ७ तारखेला २५ टक्के आणि २७ तारखेला आणखी २५ टक्के जादा जकात बसली. सुती टेरी, म्हणजे धाग्याचे फासे वर असलेल्या, टॉवेलचा अमेरिकेतला मूळ दर ९.१ टक्के. सगळं मिळून ५९.१ टक्के, म्हणजे ६० डॉलरवर ३५ डॉलर ४६ सेंट. तुमचं पार्सल ऑगस्टच्या सुरुवातीला पोचलं असतं तर यातला एक सेंटही लागला नसता. ऑगस्टच्या अखेरीस आपल्या टपाल खात्यानेही अमेरिकेच्या पार्सलांचं बुकिंग थांबवलं होतं. ते १५ ऑक्टोबरला सुरू झालं, पण जकात इथेच आगाऊ भरायची या अटीवर.

तेव्हापासून अमेरिकेचे जादा दर हलतेच आहेत. म्हणून ५० टक्के हा आकडा पाठ करू नका. ९.१ हा मूळ दर आहे, त्यावर आज काय बसतं हे पार्सल बांधायच्या दिवशी कुरियरच्या ड्युटी कॅल्क्युलेटरवर बघायचं. ऑर्डर आली त्या दिवशीचा नव्हे, माल तिथे दाखल होतो त्या वेळचा दर लागतो, त्यामुळे भावात थोडी फट ठेवलेली बरी.

आता मुख्य मुद्दा. परदेशातला कस्टम अधिकारी तुमचा टॉवेल हातात घेऊन बघतोच असं नाही. तो बहुतेक वेळा फक्त तुमची पावती बघतो. कर ठरतो तो पावतीवरच्या तीन गोष्टींवरून: वस्तूचा कोड, किंमत आणि माल कुठे तयार झाला. तुम्ही पाठवलेल्या पावतीच्या फोटोत वर्णन आहे ‘कॉटन आयटम्स, ६ नग’. कोड नाही. मूळ देश नाही. भाडं वेगळं दाखवलेलं नाही, कारण वेबसाइटवर ‘फ्री शिपिंग’ आहे. अशी पावती गेली की या तीन गोष्टी कुरियरचा माणूस आपल्या अंदाजाने भरतो, आणि त्याचा अंदाज तुमच्या फायद्याचाच निघेल असं कुणी सांगितलंय?

कोडपासून सुरुवात करू. जकातीसाठी प्रत्येक वस्तूला जो क्रमांक असतो तो एचएस कोड. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. पुढचे प्रत्येक देश आपापले जोडतो. आपल्याकडे आठ आकडी, अमेरिकेत दहा आकडी. सुती टेरी टॉवेल ६३०२६०. टॉवेल सुतीच पण टेरी नसेल, साधा पंचासारखा विणलेला असेल, तर तो ६३०२९१ मध्ये जातो. आपल्या चादरीचा घोळ मोठा आहे. ‘चादर’ म्हणून आपण जे विकतो ते तिकडच्या तीन वेगळ्या खान्यांत बसू शकतं. अंगावर पांघरायची जाड सुती चादर सुती ब्लँकेट म्हणून ६३०१३० मध्ये, पलंगावर शोभेला पसरायची बेडस्प्रेड म्हणून ६३०४१९ मध्ये, आणि गादीवर घालायची साधी सुती बेडशीट ६३०२ च्या बेडलिननमध्ये. अमेरिकेत सुती ब्लँकेटला ८.४ टक्के मूळ दर आहे. बेडस्प्रेडला तर त्यावर भरतकाम आहे की नाही यावरूनही दर बदलतो. म्हणून पावतीवर ‘सोलापुरी चादर’ एवढंच लिहून भागत नाही. ‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि ते वेबसाइटवर जरूर मिरवा, पण कस्टमच्या लेखी ते वर्णन नव्हे. ‘१०० टक्के सुती, मागावर विणलेलं टेरी टॉवेलिंग, बाथ टॉवेल, भरतकाम नाही’ असं लिहा, तेही इंग्रजीत. कापड विणलेलं आहे की निटिंगचं, धागा कोणता, वापर काय, एवढं आलं की कोड आपोआप ठरतो.

मूळ देशाबद्दल इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. बाजारात हल्ली सोलापुरी चादरींच्या थप्पीशेजारी पॉलिएस्टरची मऊ ब्लँकेटं असतात. ती बाहेरून आलेली असली आणि तुम्ही इथे फक्त पिशवीत भरली, तर ती भारतीय होत नाहीत. अशा मालासाठी अमेरिका कापड कुठे विणलं गेलं हे धरते. पावतीवर भारत लिहिलं आणि तपासणीत चीन निघालं, तर तो खोटा जबाब ठरतो. तुमचा माल स्वतःच्या मागावरचा आहे, तेव्हा हे तुमच्यासाठी नाही. पण वेबसाइटवर दुसऱ्याचा माल जोडायचा विचार दिसतोय, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता किंमत. ‘गिफ्ट’ लिहू नका. भेटवस्तूची सवलत ही एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे न घेता पाठवलेल्या वस्तूला असते आणि तिची मर्यादाही तुटपुंजी आहे: अमेरिकेत १०० डॉलर, ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपीय संघात ४५ युरो. दुकानाचं नाव छापलेल्या खोक्यावर गिफ्ट लिहिलं की ते खोकं हमखास उघडलं जातं. सोलापुरातले काही जण छातीठोकपणे सांगतील, ‘आम्ही कायम २० डॉलरच लिहितो, काही होत नाही.’ तिकडे दंड होईल न होईल, अडचण इथे बँकेत उभी राहते. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या कस्टम कागदावर, २० डॉलर आणि खात्यात आले ६०. निर्यातीची प्रत्येक रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत शिपिंग बिलाशी जुळवते. जुळली नाही तर नोंद उघडी राहते, आणि उघड्या नोंदी साचल्या की पुढच्या निर्यातीला बँक हात आखडता घेते. शिवाय पार्सल हरवलं तर विमा २० डॉलरचाच मिळतो.

किंमत कमी न दाखवताही कर कमी करता येतो, तोही कायद्यात राहून, आणि हे फार थोड्या विक्रेत्यांना ठाऊक असतं. अमेरिका जकात लावते ती मालाच्या किमतीवर. आंतरराष्ट्रीय भाडं त्यात धरत नाही, पण ते पावतीवर वेगळं आणि खरं दाखवलेलं असलं तरच. तुम्ही ‘फ्री शिपिंग’च्या नावाखाली २५ डॉलर भाडं टॉवेलांच्या किमतीत मिसळलंय. म्हणजे मालाची खरी किंमत ३५, जकात मात्र ६० वर बसली. त्याच ५९.१ टक्क्यांनी ३५ डॉलरवर साधारण २० डॉलर ७० सेंट झाले असते. गिऱ्हाइकाकडून घ्यायचे तेच ६० डॉलर, फक्त पावतीवर आणि वेबसाइटवर माल ३५, भाडं २५ असं फोडून लिहायचं. कुरियरला प्रत्यक्ष दिलेल्या भाड्यापेक्षा फुगवून मात्र लिहायचं नाही.

ब्रिटन आणि युरोपात याच्या उलट. तिथे जकात माल अधिक भाडं अधिक विमा यांच्या बेरजेवर, आणि त्या जकातीसकट सगळ्यावर पुन्हा व्हॅट. त्यामुळे तिकडे भाडं कमी करणं हाच कर कमी करण्याचा रस्ता. टॉवेल फुगीर असतात आणि कुरियर लांबी-रुंदी-उंचीवरून वजन काढतं. हवा काढून दाबून बांधलेत तर भाडंही वाचतं आणि त्या भाड्यावरचा करही.

लंडनची ऑर्डर घ्या, पण १३५ पौंडांची रेघ लक्षात ठेवा. मालाची किंमत १३५ पौंडांपर्यंत असेल तर जकात नाही, पण २० टक्के व्हॅट आहे आणि तो सीमेवर नव्हे, विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो. एत्सीसारख्या बाजारपेठेतून विकलंत तर ती बाजारपेठच व्हॅट घेते आणि भरते. स्वतःच्या वेबसाइटवरून विकलंत तर ब्रिटनच्या करखात्यात तुमची नोंदणी हवी. दोन-चार ऑर्डरींसाठी ती उठाठेव परवडत नाही, म्हणून ब्रिटनचं गिऱ्हाईक सरळ एत्सीवर पाठवा.

रेघेच्या वर गेलात की हिशेब बदलतो. समजा १६० पौंडांच्या चादरी आणि ४० पौंड भाडं. सर्वसाधारण १२ टक्क्यांनी २०० वर २४ पौंड जकात. मग २२४ वर २० टक्के व्हॅट म्हणजे ४४.८०. एकूण ६८ पौंड ८० पेन्स, वर कुरियरची फी. एवढ्याच चादरी गिऱ्हाइकाने आठवड्याच्या अंतराने दोन वेगळ्या ऑर्डरींत घेतल्या असत्या तर जकात लागली नसती. एकच ऑर्डर मुद्दाम फोडून दोन पार्सलं करणं मात्र चालत नाही. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या आणि त्यात कापड-टॉवेलांची जकात शून्यावर आणलेली आहे. ती सवलत कराराच्या अटी पाळणाऱ्या आणि मालाच्या उगमाचा पुरावा जोडलेल्या मालालाच मिळते, आणि व्हॅट त्यातून सुटत नाही. तेव्हा रेघेच्या वरची ऑर्डर आली की तुमच्या निर्यात सल्लागाराला आधी हे विचारा.

जर्मनीला व्हॅट १९ टक्के. युरोपीय संघात २२ युरोंखालची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ ला संपली. तेव्हापासून पहिल्या युरोपासून व्हॅट लागतो. १५० युरोंपर्यंत जकात माफ होती, पण तीही आता जाते आहे. १ जुलै २०२६ पासून या छोट्या पार्सलांतल्या वस्तूंवर ३ युरोंची ठरावीक जकात लावायचं डिसेंबर २०२५ मध्ये ठरलं. १५० युरोंपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच गोळा करायला आयओएसएस नावाची नोंदणी आहे. ती स्वतः घ्यायची तर भारतीय विक्रेत्याला तिकडचा मध्यस्थ नेमावा लागतो. एत्सी किंवा अॅमेझॉनवर त्यांचाच आयओएसएस क्रमांक वापरला जातो.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक नवा विक्रेता पडतो. बाजारपेठेने व्हॅट घेतला, पण तो क्रमांक तुम्ही कुरियरच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, त्याच्यासाठी असलेल्या रकान्यात भरला नाही, तर तिकडच्या कस्टमला तो कळतच नाही. मग गिऱ्हाइकाकडून व्हॅट दुसऱ्यांदा घेतला जातो आणि ते तुम्हाला एक तारा देऊन मोकळं होतं. पावतीवर छापून किंवा खोक्यावर पेनने लिहून उपयोग नाही. तो इलेक्ट्रॉनिक माहितीतच जायला हवा. कुरियरच्या काउंटरवरच्या पोराला हे माहीत नसतं. फॉर्म तुम्ही स्वतः भरा.

जर्मनीसाठी आणखी एक. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या बहुतेक ग्राहकवस्तूंना युरोपातली जबाबदार व्यक्ती किंवा संस्था नेमून तिचं नाव-पत्ता द्यावा लागतो. धाग्याचं प्रमाण सांगणारं लेबल त्या देशाच्या भाषेत हवं. आणि रंगांबाबत युरोप कडक आहे: घातक अमाइन सोडणारे अॅझो रंग टॉवेल-चादरींना चालत नाहीत. तुम्ही रंगाई बाहेरून करून घेत असाल तर रंगवाल्याकडून लेखी हमी आणि एकदा प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन ठेवा. या तिन्ही गोष्टी हाताशी नसतील तोवर जर्मनीची ऑर्डर घेऊ नका, असंच मी म्हणेन. ऑस्ट्रेलिया त्या मानाने सोपा. १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जकात नाही, १० टक्के जीएसटी आहे, आणि तोही बाजारपेठ किंवा तिथली ७५,००० डॉलरहून जास्त विक्री असणारा विक्रेता भरतो.

आता कर कुणी भरायचा. तुमचं पार्सल डीएपी पद्धतीने गेलं होतं, म्हणजे दारापर्यंत पोचवणं तुमचं, कर गिऱ्हाइकाचा. हे वेबसाइटवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. दारात अचानक ३५ डॉलर मागितल्यावर त्या बाईंनी नाही म्हटलं, यात मला त्यांचा दोष दिसत नाही. दुसरी पद्धत डीडीपी: कर कुरियर आधी भरतं आणि तुमच्या खात्यातून वळतं करतं. किरकोळ गिऱ्हाइकासाठी अमेरिकेला डीडीपीच वापरा. कुरियर त्यासाठी वेगळी फी घेतं आणि तेवढा भाव वाढतो, हे खरं. पण नाकारलेल्या एका पार्सलाचं परतीचं भाडं दहा पार्सलांचा नफा खातं. वेबसाइटवर मालाची किंमत, भाडं आणि कर अशा तीन ओळी दाखवा. त्याने काही ऑर्डरी कमी होतील. ज्या होतील त्या परत येणार नाहीत. ५९ टक्क्यांसारख्या दराला सहा साध्या टॉवेलांचा सेट बसतच नाही, हेही मान्य करा. तिकडे जाकार्डची चादर, वॉल हँगिंग असा सहज न मिळणारा माल पाठवा. साधे टॉवेल आखातात आणि ऑस्ट्रेलियात चालतील.

आपल्या बाजूचे कागद. आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक, तुम्ही घेतलाय, ठीक. तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन अद्ययावत करा, माहिती बदलली नसली तरीही, नाहीतर तो निष्क्रिय होतो. बँकेकडून एडी कोड, म्हणजे निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँकेचा क्रमांक, घेऊन कस्टममध्ये नोंदवा. जीएसटी न भरता निर्यात करायची तर दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला आरएफडी-११ फॉर्मवर एलयूटी, म्हणजे तसं हमीपत्र, द्या. आणि कुरियरला स्पष्ट सांगा, माल सीएसबी-५ वर, म्हणजे व्यापारी निर्यातीच्या कुरियर शिपिंग बिलावर, पाठवा. बरेच एजंट काम सोपं म्हणून सीएसबी-४ वर, म्हणजे नमुना किंवा भेट म्हणून, पार्सल सारतात. तुमचंही तसंच गेलेलं दिसतंय. तसं झालं की ती निर्यात म्हणून दाखवता येत नाही, जीएसटीची शून्य दराची सवलत धोक्यात येते आणि ड्रॉबॅकचा, म्हणजे निर्यातीवर मिळणाऱ्या जकात-परताव्याचा, प्रश्नच उरत नाही. कुरियर परवडत नसेल तर टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. तिथे पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट ऑनलाइन भरता येतं. पोचायला वेळ लागतो, पण हलक्या पार्सलाला भाडं खूपच कमी.

परत आलेल्या पार्सलाचंही यातच गुंतलंय. निर्यात केलेला आपलाच माल तीन वर्षांत जसाच्या तसा परत आला तर त्यावर पूर्ण आयात जकात लागत नाही. निर्यातीच्या वेळी घेतलेली सवलत किंवा न भरलेला कर तेवढा द्यावा लागतो. पण तो तोच माल आहे हे निर्यातीच्या कागदावरून सिद्ध करायला हवं. सीएसबी-५ वर कोड, नग आणि वर्णन नीट असेल तर ते होतं. ‘कॉटन आयटम्स’वरून काय सिद्ध करणार?

शेंगा चटणी. मागणी आहे यात वाद नाही, पण हा टॉवेलांना जोडून करायचा धंदा नव्हे. व्यापारी म्हणून अमेरिकेला खाद्यपदार्थ पाठवायचा तर चटणी बनवणाऱ्या जागेची तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी हवी, त्यासाठी अमेरिकेतला एजंट हवा, ती नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नव्याने करायची, आणि प्रत्येक पार्सलाची पूर्वसूचना आधी द्यायची. शेंगदाणा तिथे ठळकपणे जाहीर करायच्या अॅलर्जीकारक पदार्थांत आहे. युरोप भारतीय शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन ही बुरशीची विषं तपासतो आणि खायला तयार दाण्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोला २ मायक्रोग्रॅम आहे. घरच्या खलबत्त्यातल्या चटणीचा असा अहवाल कुणाकडे असतो? वर्षाला पाच-सहाशे किलो जाणार असेल तर वेगळा विचार करू. तोवर टॉवेलांच्या खोक्यात गिऱ्हाइकाला खूश करायला म्हणून चटणीची पुडीसुद्धा टाकू नका. त्या एका पुडीपायी अख्खं पार्सल तपासणीत अडकेल.